उपकरणाचा दोष

अंगठा काचेपासून नाण्याच्या जाडीएवढ्या अंतरावर थांबला होता. नख जवळून कापलेलं, त्याच्या कडेला सुईच्या टोचण्यांची एक जुनी बारीक रांग, आणि पेराच्या खाली धागा ओढून ओढून पडलेली तिरपी रेघ. अंगठ्याखाली फोनच्या पडद्यावर दोन चित्रं होती, एक हिरवं आणि एक लाल. हिरवं म्हणजे काम घेतलं, लाल म्हणजे नको. अंगठा हिरव्याकडे झुकला, परत मध्ये आला, लालच्या वर जाऊन जरा हलला, आणि मग काहीच न दाबता कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेला. पडद्यावर फक्त काच उरली आणि तिच्यात उमटलेलं छताच्या पंख्याचं फिरणारं पातं.

"हीच ती," चित्रं काढणारी नवी मुलगी म्हणाली आणि तिने फीत थांबवली. "शिवणकाम–एक. ताई, मी सगळ्या आवृत्त्यांच्या फिती ओळीने लावून बघितल्या. बाकीच्यांना पहिल्यापासूनच जमतंय. न्हावी, छत्रीवाला, ते घड्याळवाले आजोबा, सगळ्यांना. आपण पुढे काही काढलं काय नि ठेवलं काय, त्यांना फरक नाही. ही एकच बाई अशी आहे की आपण जितकं सोपं करतो तितकी ही मागे जाते. उलटीच गंमत. हिला सरासरीतून काढून टाकायची का? एकटीच सगळा आलेख खाली ओढतेय बघा."

ताई, म्हणजे ही कंपनी जिने भागीदाराबरोबर काढली होती ती, पडद्याकडे वाकली. मुलीला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. चाचणीच्या फितीत चेहरा घ्यायचा नाही, आवाज घ्यायचा नाही, फक्त हात आणि फोन, हा नियम ताईनेच घातला होता. नाव काढून टाकायचं, त्या जागी धंदा आणि आकडा. मुलगी नवी होती. ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं 'आईला जमेल का?' हे वाक्य तिने पहिल्या दिवशी वाचलं असेल, आणि कंपन्यांच्या भिंतींवर असतात तसल्या वाक्यांपैकीच एक समजून सोडून दिलं असेल. इथे आई हे एक माप होतं. हे पान दोन आयांइतकं अवघड आहे, असं कोणीतरी म्हणायचं. अरे, अर्ध्या आईवर आण, अर्ध्या आईवर. तुझ्या आईला जमेल रे, पण आपल्या आईला? सगळे हसायचे, तीही हसायची. आपली आई म्हणजे तिची आई, शहराच्या दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी शिवणयंत्रासमोर बसलेली, हे जुन्या माणसांना माहीत होतं, आणि माहीत असलेल्या गोष्टीकडे जसं कोणी बघत नाही तसं त्यांनीही पुढे बघणं सोडलं होतं.

"अगदी पहिली लाव," ती म्हणाली.

पहिल्या फितीतला अंगठा वेगळाच होता. तो घाईत होता. पानं फटाफट उलटत होता, मापांच्या रकान्यांत आकडे ठोकत होता, मध्येच उगारला जाऊन कॅमेऱ्याला दटावत होता. आवाज पुसलेला होता, पण तिला तो शब्दन् शब्द ऐकू आला. "हे काय गं, अंगठ्याचाच सिनेमा? माझ्या तोंडाने काय घोडं मारलंय?" तेव्हा कॅमेरा तिनेच धरला होता, आणि हसल्यामुळे चित्र एका जागी हललं होतं. ते हलणं अजून तिथे होतं. पुढच्या फितींमध्ये चित्र हलत नव्हतं. पुढे आई बोलायची कमी झाली होती का, की तिनेच स्टँड विकत घेतला होता म्हणून? दोन्ही खरं असू शकतं. एका परिणामाला दोन कारणं असली तर त्यातलं सोयीचं तेवढं माणूस उचलतो, हे तिला इतरांच्या बाबतीत चांगलं दिसायचं.

तिच्या शिक्षणात एक वाक्य होतं, ज्याच्यावर तिने पुढचं सगळं उभं केलं. ती गोगलगायींवर काम करायची. गोगलगाईच्या शिंगाला केसाच्या टोकाने हलकेच स्पर्श केला की ती शिंग आत ओढते. पुन्हा पुन्हा केला की ओढेनाशी होते, तिला सवय होते. ती सवय कशी लागते आणि कशी मोडते, एवढाच तिचा विषय. एका मोसमात तिच्या गोगलगायी एकाएकी शिंगं ओढेनाशाच झाल्या, पहिल्या स्पर्शालाही नाही. ती रडकुंडीला येऊन सरांकडे गेली. सर चष्मा पुसत म्हणाले, "प्राणी चुकत नाही. प्राणी फक्त वागतो. चुकतं ते उपकरण. जा, आधी उपकरण तपास." तिने तपासलं, तर केस दमट हवेत मऊ पडला होता. नवा, कडक केस बसवल्यावर शिंगं पहिल्यासारखी आत जाऊ लागली, आणि तिला आयुष्यात क्वचित मिळतो तसा स्वच्छ आनंद झाला. नंतर ती या फोनच्या धंद्यात आली तेव्हा इथल्या लोकांचंही हेच म्हणणं निघालं. वापरणारा चुकत नाही, आपली मांडणी चुकते. दोन वेगळ्या जगांतून एकच वाक्य चालत आलं, तेव्हा ते खरं असणारच, असं तिला वाटलं. म्हणून आई मापांच्या पानावर अडली तेव्हा तिने मापांचं पान तपासलं. छाती, कंबर, बाही, उंची. रकाने फार झालेत, असं म्हणून तिने ते पान काढलं आणि त्या जागी नुसतं बोलायची सोय केली. आई बोलता बोलता मध्येच थांबून बघत राहिली, तेव्हा तिला वाटलं, तो लाल ठिपका लुकलुकतो, त्याने लक्ष जातं. ठिपका काढला. आई गिऱ्हाइकांच्या यादीतून एकच नाव पुन्हा पुन्हा उघडू लागली, तेव्हा नावांच्या जागी चेहरे आले. मग चेहरे मोठे झाले. मग एका वेळी एकच चेहरा दिसू लागला. प्रत्येक बदलानंतर काही दिवस अंगठा सुधारल्यासारखा वाटायचा आणि ती मनात म्हणायची, बघ, उपकरणच होतं. असं करत करत शेवटी दोन रंग उरले. याहून सोपं काही असू शकत नाही, असं परवाच कोणीतरी म्हणालं होतं, कौतुकाने.

आणि त्या सोपेपणावर धंदा उभा राहिला होता. घरी बसून हाताने काम करणारी माणसं, ज्यांच्या हातात फोन आत्ता आत्ता आला आहे, त्यांना गल्लीतलं गिऱ्हाईक गाठून द्यायचं, एवढीच कल्पना. तशी ॲप्स इतरांनीही काढली होती, पण त्यांची मोडून पडली, कारण न्हाव्याला कात्री खाली ठेवून वाचत बसावं लागे. यांचं टिकलं. एका शहरातून दुसऱ्यात गेलं, आणि आता तीन परके देश समोर होते.

"काय मंडळी, झाले का अंगठे निवडून?" भागीदार दार उघडायच्या आधीच बोलायला लागला होता. त्याला आईने 'भोंगा' असं नाव ठेवलं होतं, कॉलेजात असताना, तो जेवायला आला की तिसऱ्या मजल्यावरच्यांना कळायचं म्हणून. त्याला ते आवडायचं. तो स्वतःच सांगत सुटायचा. "उद्या पैसेवाले येतायत. त्यांना आकडे नकोत, आकडे त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आहेत. त्यांना माणूस दाखवायचा. मी सुरुवात कशी करणार आहे ऐका. वाढता बाजार म्हणजे काय हो? नकाशावरचा रंग? नाही. वाढता बाजार म्हणजे जिच्या हातात कसब आहे आणि जिला आजवर कोणी विचारलं नाही अशी बाई. मग एकेक अंगठा. न्हाव्याचा, छत्रीवाल्याचा. आणि शेवटी मावशी! मावशीचा अंगठा शेवटी आला पाहिजे. पाणी आलं पाहिजे डोळ्यांत."

"मावशी कोणती?" मुलीने विचारलं. "माझ्या यादीत मावशी नाहीये."

"अगं, ही काय, हिची आई. शिवणकाम–एक. आपली आई!" त्याने भिंतीकडे हात केला.

मुलीने भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग थांबलेल्या फितीतल्या रिकाम्या काचेकडे. तिचा चेहरा उतरत गेला. "ताई," ती म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं. मी उगाच काहीतरी…"

"उगाच नाही. तुझं बरोबर आहे. तिला काढावं लागेल."

हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की भागीदारही गप्प झाला. तो गप्प झाल्यावर खोलीतले बाकीचे आवाज ऐकू यायला लागले, पंख्याचा, खालच्या रस्त्यावर कोणीतरी शटर ओढल्याचा. तिला एक विचित्र गोष्ट जाणवली. आपल्याला धक्का बसलेला नाही. बोट कापल्यावर आधी रेघ दिसते, रक्त नंतर येतं, त्या मधल्या क्षणात आपण आहोत आणि तो क्षण लांबत चालला आहे. तिने पर्स उचलली. भागीदार तिच्यामागून जिन्यापर्यंत आला. तिथे चहाचं यंत्र होतं. त्याने न विचारता दोन कप भरले आणि दोन्ही स्वतःच्याच हातात धरून उभा राहिला.

"मला वाटलं तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली जाऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं.

"काय ठाऊक आहे?"

"अगं, मागे मी गेलो होतो ना, तिच्याकडे शिवायला दिलेला आमचा पडदा आणायला. मला म्हणाली, बस, चहा टाकते. टाकला. प्यायलो. परत म्हणाली, बस, चहा टाकते. मी परत प्यायलो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, मावशी, आता पोट फुटेल. तर हसली, पण कशी हसली माहितीये? माणूस बहिरा झाला की हसतो ना, तसं. सगळ्यांच्या बरोबर."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू शास्त्र शिकलीस बाई. मला वाटलं, मला कळलं म्हणजे तुला केव्हाच कळलं असणार. आणि तू काही बोलत नाहीस म्हणजे तुला बोलायचं नसेल. आपण कोण मध्ये तोंड घालणार?" त्याने एक कप पुढे केला. तिने घेतला नाही. "उद्याचं मी बघतो. मावशीला नाही दाखवत. तू जा."

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. दुपार उतरत होती, दुकानांच्या फळ्यांवरून ऊन सरकत होतं, आणि थांब्यावरची माणसं सगळीच्या सगळी मान खाली घालून आपापल्या काचेवर अंगठे फिरवत उभी होती. ती सवयीने त्यांचे अंगठे बघू लागली, कोण अडखळतं, कोण नाही, आणि मग तिने डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांपुढे दादा आला. दादा, तिचा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात असायचा, आणि बाबा गेले त्या वर्षापासून त्याचं एकच म्हणणं होतं की आईला माझ्याकडे पाठव. त्याच्या घरात माणसं होती. वहिनी घरूनच शिकवण्या घ्यायची, पुतणी कॉलेजातून दुपारी परत यायची, मागच्या अंगाला उजेडाची एक खोली होती. "तू दिवसभर बाहेर. उद्या विमानात बसशील. ती एकटी त्या यंत्रापाशी. काय ठरवलंस?" काय ठरवलंस, हा त्याचा रामराम होता, फोन उचलला की आधी हे, मग तब्येत. आणि ती दर वेळी म्हणायची, बघते, सांगते, एवढं होऊ दे. मग एकदा चिडून म्हणाली होती, "दादा, आई फोनवर कामं घेते, वेळेवर देते. तुझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना जमणार नाही ते तिला जमतं. तुझ्याकडे येऊन काय होईल ती? पाहुणी?" आणि पुरावा म्हणून तिने त्याला फिती पाठवल्या होत्या. चांगल्या दिवसांच्या. ज्या दिवशी अंगठा अडला नाही त्या दिवसांच्या. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने असे निवडून आणलेले आकडे तिच्यापुढे ठेवले असते तर तिने वही परत केली असती, हे आता बसच्या खिडकीपाशी तिच्या लक्षात आलं, आणि तेव्हा ते रक्त आलं, रेघेतून, हळूहळू. तिने कपाळ काचेला टेकवलं. शेजारच्या बाईने विचारलं, "बरं वाटत नाही का हो?" तिने मान हलवली, आणि ती हो होती की नाही ते तिला स्वतःलाच कळलं नाही.

आईच्या इमारतीच्या जिन्यात खालची शेजारीण भेटली. तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून गणवेशाच्या शर्टाची कॉलर बाहेर आली होती. तिला पाहून शेजारणीने पिशवी पाठीमागे घेतली. चोरी करताना सापडल्यासारखं.

"दे ना, मीच देते आईला," ती म्हणाली. "बदलायचं आहे का काही?"

"नाही गं. मी बाजारात चाललेय, तिकडून…" शेजारीण थांबली. मग एकदम धीर करून बोलली. "हे बघ, तू तिला सांगू नकोस हं. हल्ली जरा इकडचं तिकडे होतं. बाही फिरते. आम्ही सगळ्याच गुपचूप दुसरीकडून नीट करून घेतो. दिलेल्या पैशांचं काही नाही. पण तिने आमच्या लग्नाचे कपडे शिवलेत, आमच्या पोरांची दुपटी शिवलीत. तिच्या तोंडावर कसं सांगायचं?"

"तुम्ही सगळ्याजणी ॲपवर पाच चांदण्या देता."

"मग? चार देऊ?" शेजारणीला राग आला होता, आणि डोळे भरले होते. "चार देऊ का तिला?"

दार उघडंच होतं. आई कापायच्या टेबलापाशी उभी होती, गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. खोलीत नव्या कापडाचा आणि यंत्राच्या तेलाचा तो वास होता ज्याच्यापुढे तिचं वय नेहमीच कमी व्हायचं. आईने टाचण्या काढून मनगटावरच्या उशीत खुपसल्या.

"या शास्त्रज्ञबाई. आज उजेडीच? कंपनी बुडाली की काय?"

"नाही बुडाली."

"मग बस. भोंगा काय म्हणतो? लग्न केलं की नाही त्याने?"

भोंग्याच्या लग्नात आई दोन दिवस आधी जाऊन राहिली होती. नवरीचा झगा तिने शिवला होता. त्याला इतके मणी लावले होते की डोळे सुजले. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "केलं."

"बरं झालं. ऐकणारं कोणीतरी हवं त्याला." आई हसली आणि कापडाकडे वळली.

टेबलावर निळ्या कापडाच्या दोन बाह्या कापून ठेवल्या होत्या. लहानपणी या टेबलाखाली बसून ती चिंध्या गोळा करायची, आणि वरून आईचा आवाज यायचा, स्वतःलाच बजावत असल्यासारखा: कापड उलटं केलं का? बाहीचा पुढचा बाक खोल असतो, मागचा उथळ. एक बाही कापली की दुसरीसाठी कापड उलटं करायचं, नाहीतर दोन्ही एकाच हाताच्या होतात. तिला ते पटायचं नाही. आकार तर एकच आहे ना? तेव्हा आईने तिचे दोन्ही तळवे एकावर एक ठेवून दाखवले होते. बघ, बोटं जुळली, पण एक हात दुसऱ्याच्या जागी बसव बरं. ती किती तरी वेळ प्रयत्न करत राहिली होती. नंतर रसायनाच्या वर्गात, काही रेणूही असेच डावे-उजवे असतात, एकाने बरं वाटतं आणि दुसऱ्याने विष होतं, असं शिकवलं, तेव्हा सगळा वर्ग चकित झाला. ती नाही झाली. तिला ते माहीत होतं, टेबलाखालून.

आईने एक बाही उचलली आणि दुसरीवर ठेवली. बाक बाकावर बसला, टोक टोकावर, आणि दोन्हींची सुलट बाजू वर. आईने कडेवरून बोट फिरवलं. कुठे दोऱ्याएवढंही इकडेतिकडे नव्हतं.

"बघ," ती समाधानाने म्हणाली, "कसं तंतोतंत."

"हो आई."

तिने खुर्ची ओढली. टेबलाच्या कडेशी बसली. आई यंत्राच्या स्टुलावर बसली, तिच्याकडे निरखून बघू लागली, अनोळखी कापड बोटांत चोळून बघावं तशी.

"आज परीक्षा नाही? तो कॅमेऱ्याचा खांब नाही आणलास."

"नाही. परीक्षा संपल्या."

"म्हणजे मी नापास."

"आई, तसं काही नसतं. मी किती वेळा सांगितलं, परीक्षा फोनची असते, तुझी नाही."

"सांगायचीस खरं." आईने टेप गळ्यातून काढला आणि बोटाभोवती गुंडाळायला लागली. "सुरुवातीला ते मापांचं पान होतं ना, ते मला फार आवडायचं. छाती, कंबर, बाही. बाईला समोर उभी करून घेतल्यासारखं वाटायचं. एके दिवशी बघते तर नाहीच. मी बोलले नाही, म्हटलं पोरीचं काम आहे, तिला बरं पडत असेल. मग दुसरं काहीतरी गेलं. मला कळायचं गं. मी जिथे अडले, ती जागाच पुढच्या वेळी नसायची. तू लहान असताना पडलीस की मी जमिनीला चापट मारायचे, आठवतं? लागलं आमच्या बाळाला, हात्तिच्या जमिनीच्या, म्हणायचे. आणि तू रडायची थांबायचीस. तसं तू माझ्यासाठी करत होतीस. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?" टेप गुंडाळून झाला. तिने तो टेबलावर ठेवला, तो हळूहळू सुटत गेला, आणि दोघी तो सुटेपर्यंत बघत राहिल्या. "पण आता दोनच रंग राहिलेत. मला ते दोन्ही दिसतात. कुठला कशाचा तेवढं राहत नाही. तू आता आणखी काय सोपं करशील?"

बाहेर जिन्यात कोणाच्या तरी चपला वाजत वर गेल्या. तिला वाटलं, काहीतरी म्हणायला हवं, आणि तोंडात आलेलं प्रत्येक वाक्य एखाद्या नव्या आवृत्तीसारखं होतं. आवाज देता येईल, हिरव्याला 'घे' म्हणायला लावता येईल. रंगांच्या जागी हात हलवायची खूण ठेवता येईल. तिच्या मनाने खरंच एक क्षण ते जुळवायला घेतलंही. मग तिने मन तिथून उचललं. नोकरी नव्हे, स्वतःची कंपनी. तीही सोडता येईल. हा विचार तिने टाळला नाही, उजेडात धरून बघितला. आईला आपल्या घरी आणायचं, किंवा इथेच येऊन राहायचं, परदेश भोंग्याने बघावा. मग काय होईल? सकाळी ती आईच्या कपाटाच्या कप्प्यांवर चित्रं चिकटवेल. चित्रं जमेनाशी झाली की कप्पे कमी करेल. गॅसची बटणं काढेल, मग गॅस. कात्री लपवेल. भेटायला येणारी माणसं कमी करेल, कारण चेहरे फार होतात. ती फार प्रेमाने करेल, आणि फार नीट करेल, आणि एक दिवस त्या खोलीत आई आणि दोन रंग एवढंच राहील. तिला दुसरं काही येतच नव्हतं. दादाला येत होतं. दादा आईशी भांडायचा, तिला भाजी निवडायला बसवायचा, वहिनी तिच्यावर वैतागायची आणि पुतणी तिच्या पुढ्यात गणितं टाकून निघून जायची. तिथे आई दहा वेळा चुकली असती आणि दहाही वेळा कोणीतरी मोठ्याने म्हणालं असतं, अहो आई, हे काय केलंत, आणि पुढे गेलं असतं. तिथे जमिनीला कोणी चापट मारली नसती. तिला हे फार आधीपासून माहीत असावं. कारण दादा काय ठरवलंस म्हणायचा तेव्हा तिला जे वाटायचं ती चीड नव्हतीच, ती भीती होती. या खोलीला कुलूप लागल्यावर, संध्याकाळी ऑफिसातून निघून आपण जायचं कुठे, याची.

आई उठून पाणी प्यायला गेली, माठापाशी थांबली, आणि पाणी न पिताच परत आली. येताना तिने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, जाता जाता, कपाटाच्या कडेवरून फिरवावा तसा. "केस विंचरत जा," म्हणाली. "बोरीबाभळी झाल्यात."

तेवढ्यात टेबलावरच्या निळ्या कापडाखाली फोन वाजला. दादाची वेळ. आईने कापड बाजूला केलं, काचेवर दादाचा चेहरा होता, खाली हिरवं आणि लाल. आईने फोन उचलून तिच्यापुढे धरला. "घे तू," ती म्हणाली, "तुझ्या दादाला मी हल्ली अर्धवट सांगते. तो चिडतो."

तिने घेतला. बाहेर गॅलरीत जाता आलं असतं. गॅलरीचं दार दोन पावलांवर होतं, आणि आजवरची सगळी बोलणी तिने तिथेच, कठड्याला रेलून, आवाज दाबून केली होती. ती जागची हलली नाही. "बोल दादा," म्हणत आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर, दोन बाह्यांच्या शेजारी ठेवला.

"कोण, तू का?" दादा म्हणाला. मागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी कोणाला तरी रागावत होतं. "आज बरी लवकर सापडलीस. काय म्हणते तुझी कंपनी? जग जिंकून झालं का? आणि काय ठरवलंस?" विचारून तो उत्तरासाठी थांबलाही नाही, इतकी सवय झाली होती, पुढे वहिनीच्या गुडघ्याचं काहीतरी सांगू लागला.

"दादा, थांब," ती म्हणाली. "ऐक."

तो थांबला. भांडी वाजत राहिली. समोर आई स्टुलावर बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर, गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकून घेताना बसायची तशी, आणि तिच्या तोंडाकडे बघत होती. तिनेही आईच्या डोळ्यांवरून नजर काढली नाही.

"आईला घेऊन जा."